नियम पुढे, पळवाट त्याच्याही पुढे

कायदा करणारा एक आणि त्यातून वाट काढणारे शंभर, हा जगाचा न्याय खेळाच्या मैदानावरही चालतो. त्याचा नामी दाखला ऑस्ट्रेलियात सापडतो. मेलबर्नचे मैदान क्रिकेटमुळे आपल्या ओळखीचे आहे. तेथेच हिवाळ्यात दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे राहतात आणि अठरा-अठरा गडी लंबगोल चेंडूमागे धावतात. या फुटबॉलचे नियम १८५९ साली प्रथम लिहिले गेले. डागडुजी अजून चालूच आहे.

हिशेब सोपा आहे. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की गोल, गुण सहा. कडेच्या खांबांतून गेला की ‘बिहाइंड’, गुण एक. बचाव करणाऱ्यानेच चेंडू खांबांमागे नेला तरी प्रतिपक्षाला मिळतो एकच गुण. आणि बिहाइंडनंतर चेंडू येतो बचाव करणाऱ्यांच्याच हाती! पाणी मुरत होते ते येथे.

पूर्वी गोलपंचाचे निशाण फडकवून होईपर्यंत चेंडू मारता येत नसे. तेवढ्यात प्रतिपक्ष आपली फळी नीट लावून घेई. खेळाला वेग यावा म्हणून २००६ साली ही अट काढली. हेतू उत्तम, पण चाणाक्ष मंडळींनी मनात त्रैराशिक मांडले. एक गुण दिला की सहांचे संकट टळते, वर मोकळा चेंडूही मिळतो. सौदा काय वाईट?

२००८ च्या अंतिम सामन्यात, लाखभर प्रेक्षकांसमोर, या सौद्याचा कळस झाला. जीलाँगचा संघ साखळीत २२ पैकी एकच सामना हरलेला. त्याचे झाले ११ गोल, २३ बिहाइंड, गुण ८९. हॉथॉर्नचे १८ गोल, ७ बिहाइंड, गुण ११५. जीलाँगच्या २३ बिहाइंडपैकी ११ वेळा चेंडू हॉथॉर्नच्या बचावाकडूनच मागे गेला होता. काही वेळा नाइलाजाने, काही वेळा सरळ हिशेबाने.

२००९ साली नवा नियम आला: जाणूनबुजून बिहाइंड दिल्यास प्रतिपक्षाला गोलाच्या तोंडाशी फ्री किक. झाले! आता पंचाने चेंडू पाहायचा की गड्याचे मन? अंगावर कोणी आल्यामुळे त्याने चेंडू मागे ढकलला, की अंगावर आल्याचा नुसता बहाणा केला? २०१७ साली ही कसोटी आणखी कडक केली, पण वाद मिटला नाही.

याउलट १९७५ चा चौकोन पाहा. मध्यावरच्या चेंडूफेकीला प्रत्येक बाजूचे चारच गडी त्याच्या आत असावेत, एवढाच नियम. २०१९ पासून त्या क्षणी पुढे सहा, मध्ये सहा, मागे सहा अशीही वाटणी ठरली आहे. चेंडू खेळात आल्यावर प्रशिक्षक गड्यांना हवे तिकडे पळवतो, ते खरे. पण पंचाला फक्त डोकी मोजायची असतात.

याच मैदानावर १९८१ साली ट्रेव्हर चॅपेलने न्यूझीलंडला शेवटचा चेंडू सरपटी टाकला, तेव्हा तो नियमात बसत होता. पुढे तशा चेंडूवरच बंदी आली. गोलंदाजाच्या मनात काय होते, हे पंचाला विचारावे लागत नाही.

नियमांतून डावपेच निघणारच. त्यातच खेळाची गंमत आहे. फक्त नियम करणाऱ्यांनी पंचाच्या हाती मोजपट्टी द्यावी, अंतर्ज्ञानाची अपेक्षा धरू नये. नाहीतर सामना गडी खेळतात, आणि शिव्या खातो बिचारा पंच!