कुकरची शिट्टी आणि परंपरेचे पहारेकरी

पारंपरिक पदार्थात बदल केला की ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांतल्या बहुतेकांनी तो पदार्थ आयुष्यात कधी रांधलेला नसतो. वीसेक वर्षांच्या पोस्टिंगांनंतरचं हे माझं ठाम मत आहे.

सध्या मुक्काम लेहला. उन्हाळा आला की पाहुणे येतात आणि त्यांना 'अस्सल लडाखी' जेवण हवं असतं. परवा एका महाशयांनी होमस्टेच्या मालकीणबाईंना तोंडावर सुनावलं, की स्क्यू कुकरमध्ये शिजवणं म्हणजे परंपरा बुडवणं. स्क्यू म्हणजे अंगठ्याने दाबलेले कणकेचे तुकडे आणि भाज्या, रश्शात शिजवलेल्या. आपल्या वरणफळांचा चुलतभाऊच.

लेह सुमारे 3,500 मीटरवर. इथे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ तासन्‌तास शिजत नाही. झाडं तुरळक, सरपण म्हणजे मुख्यतः वाळलेलं शेण. म्हणून इथल्या लोकांनी सातू आधी भाजून दळला. ते पीठ पुन्हा शिजवावं लागत नाही; चहात कालवा आणि खा. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणून नमस्कार करतो, ती मुळात इंधन वाचवायची युक्ती. कुकरही तेच करतो. मग तो पाखंडी कसा?

आणि परंपरा तरी कुठली धरायची? काश्मीरमध्ये पंडितांच्या रोगन जोशात कांदा-लसूण नाही, हिंग आणि बडीशेप आहे. वाझांच्या रोगन जोशात लसूणही असतो आणि 'प्राण' नावाचा छोटा कांदाही. लखनौच्या बिर्याणीत बटाटा नसतो, कोलकात्यात तो नसला तर भांडण होतं. आपण ठेच्याचा अभिमान मिरवतो, पण मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांबरोबर आलेली. तेव्हाच्या आजीबाईंनी ती चुलीजवळ फिरकू दिली नसती तर?

एक सल मलाही आहे. रेशनच्या तांदळापुढे सातू मागे पडतोय, याचं वाईट वाटतं. पण म्हणून चार दिवसांच्या पाहुण्याने त्या बाईला शेणाच्या चुलीपुढे पुन्हा बसवायचं? धूर तिच्या डोळ्यांत, फोटो याच्या मोबाइलमध्ये!

ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी खुशाल लेहला यावं. आमच्या लंगरमधलं उघडं पातेलं आणि किलोभर राजमा देतो. सुट्टी मात्र जरा जास्तच काढून या.