केमोच्या कागदावर व्यायामही हवा

कर्करोगाचे निदान झाले की घरचे लोक रुग्णाच्या हातातले काम काढून घेतात. त्यामागे माया असते, पण महिनोन्महिने पडून राहिल्याने स्नायू झिजतात, दम कमी होतो आणि थकवा वाढतो. म्हणूनच अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या ‘आस्को’ संघटनेने २०२२ मध्ये, आजार बरा करण्यासाठी उपचार सुरू असतानाच नियमित व्यायाम सुचवावा, अशी शिफारस केली.

यात हृदयाचा प्रश्न कळीचा आहे. स्तनाच्या कर्करोगात वापरले जाणारे लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते. एकूण मात्रा वाढते तसा धोका वाढतो आणि त्रास कधी काही वर्षांनीही उद्भवतो. छातीच्या डाव्या बाजूला दिलेल्या किरणोपचारांच्या शेकाचीही झळ हृदयाला लागू शकते. खर्‍यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) तोंडाचा कर्करोग झालेल्यांच्या रक्तवाहिन्या तंबाखूने आधीच बिघडवलेल्या असतात. व्यायामाने दम टिकतो. औषधाची इजा तो पूर्णपणे टाळतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. त्यामुळे चालणे हा हृदयाच्या इको तपासणीला पर्याय नव्हे.

‘पहाटे फिरायला जा’ हा शहरी सल्ला चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलालगतच्या गावांत निरुपयोगी आहे. पहाट आणि तिन्हीसांज या वाघाच्या वावराच्या वेळा. उजाडल्यावर निघावे, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. ‘आम्ही आयुष्यभर राबतोच की’ हेही उत्तर पुरेसे नाही. उन्हात तेंदूपाने तोडणे किंवा चिखलात वाकून धानाची रोवणी करणे म्हणजे बेताने वाढवत नेलेला व्यायाम नव्हे. येथे सल्ला हवा तो अंगणातल्या फेर्‍यांचा, खुर्चीवरून उठबस करण्याचा, दिवसात दहा-दहा मिनिटे तीनदा चालण्याचा. बोलता येईल इतपतच दम लागावा. ताप असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्या दिवशी व्यायाम नको आणि डॉक्टरांना लगेच कळवावे. सिकलसेल व रक्तक्षय असलेल्यांनी, तसेच कर्करोग हाडांत पसरलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

टाटा ट्रस्ट आणि राज्य शासनाच्या सहभागातून चंद्रपुरात कर्करोग रुग्णालय उभे राहिल्याने नागपूरचे हेलपाटे कमी होण्याची आशा आहे. गडचिरोलीतील भामरागड किंवा सिरोंचाच्या रुग्णाला मात्र चंद्रपूरही दूरच. म्हणून केमोच्या तारखेलाच इको करून घेता यावा, सुटीच्या कागदावर गोळ्यांबरोबर व्यायामही मराठीत लिहून दिलेला असावा. हृदयाच्या त्रासाची चाहूल लागावी म्हणून पायावर सूज आहे का, आडवे झाल्यावर धाप लागते का, हे दोन प्रश्न आशाताईंनी गृहभेटीत विचारावेत आणि उत्तर ‘हो’ आले तर रुग्णाला कुठे न्यायचे, हे त्यांना आधीच सांगितलेले असावे. या कामासाठी नवी इमारत लागत नाही. रुग्णालय आणि गावचे उपकेंद्र यांच्यात नियमित निरोपाची व्यवस्था लागते, आणि ती लावणे ही जिल्हा आरोग्य यंत्रणेची जबाबदारी आहे.