इंजिनात जागा दिली, सोय कुठे आहे?

मुंबईहून पुष्पकने लखनौला निघालात की कानपूरनंतर, गाडी चारबागला लागण्याच्या जरा आधी, मानकनगर येते. प्रवासी त्या वेळी बाकाखालचे सामान ओढत असतात. रेल्वे कामगाराने मात्र तेवढ्यात खिडकीबाहेर पाहावे. येथे आर.डी.एस.ओ. आहे. देशातील इंजिने व डबे कसे असावेत याची मानके येथे ठरतात. इंजिनाच्या केबिनमध्ये काय असावे आणि काय नसले तरी चालेल, हेही त्यातच आले.

त्या केबिनमध्ये १९८९ साली साताऱ्याच्या सुरेखा यादव सहाय्यक चालक म्हणून चढल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, मार्च २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचे सत्कार झाले, ते योग्यच. पण इंजिनात शौचालय बसवायला सुरुवात झाली २०१६ साली. म्हणजे त्यांच्या नोकरीला सत्तावीस वर्षे झाल्यावर. आजही बहुतेक इंजिनांत ते नाही.

महिला लोको पायलट २०१४ मध्ये ३७१ होत्या, २०२४ मध्ये १,८२८ झाल्या, असे सरकार अभिमानाने सांगते. या भगिनी ड्युटीवर निघताना पाणी पिणे टाळतात, हे त्याच आकड्याशेजारी छापायला हवे. ज्यांना हे सोसत नाही त्या ऑफिसातले काम मागून घेतात. मग फूटप्लेटचा अनुभव तुटतो आणि मेल-एक्सप्रेसची बढती लांबते. परीक्षेत कोणी नापास केले नाही. केबिननेच मागे ठेवले.

सप्टेंबर २०२३ मध्ये जया वर्मा सिन्हा रेल्वे बोर्डाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. एप्रिल २०२५ मध्ये त्याच बोर्डाने, लोको पायलटना जेवणासाठी व नैसर्गिक विधीसाठी ठराविक वेळ नियमाने देणे व्यवहार्य नाही, ही समितीची शिफारस मान्य केली. वर एक खुर्ची मिळाली म्हणून खालची ड्युटी आपोआप सुधारत नाही.

आपल्याच युनियनच्या कट्ट्यावर ऐकू येते, "झेपत नव्हते तर ही नोकरी घेतली कशाला?" पन्नाशीतल्या, मधुमेह असलेल्या चालकाला हा प्रश्न विचारून पाहा. तो गप्प बसतो, कारण बायका बोलेपर्यंत त्याला हे मागायची लाज वाटत होती.

चारबागवरून आता मेट्रोही जाते. तिची पहिली चाचणी डिसेंबर २०१६ मध्ये दोन महिला चालकांच्याच हातून झाली. तिथली फेरी छोटी, शेवटच्या स्टेशनात उतरता येते. मालगाडीवाली सिग्नलला तासन्‌तास उभी असली तरी उतरणार कुठे?

टपाल खात्यातील बंधूंनी हे परके समजू नये. खेड्यातली शाखा डाकपाल जागा स्वतः पाहते. तिथल्या शौचालयाची चौकशी कोण करते?

आमच्या मागणीपत्रांत 'महिलांचे प्रश्न' हे कलम नेहमी शेवटी असते आणि वाटाघाटीत पहिले गळते. या वेळी ते ड्युटीच्या तासांच्या कलमातच लिहा, आणि एक प्रत मानकनगरलाही पाठवा.