आईचा वेष आणि आईचे श्रम

फाल्गुन सरत आला की बारामती आणि इंदापूरच्या पेठांत कापड दुकानांच्या दारांवर नवे रंग झळकू लागतात. पाडवा तोंडावर आलेला असतो आणि लग्नसराईची चाहूल लागलेली असते. त्याच दिवसांत याच दोन तालुक्यांच्या शिवारात उसाचे शेवटचे फड तोडले जात असतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथील कारखान्यांसाठी बीड-अहिल्यानगरकडून आलेली ऊसतोड कामगार स्त्री साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा सदरा चढवून कोयता चालवीत असते आणि तिचे तान्हे मूल बांधाच्या झाडाला टांगलेल्या झोळीत निजलेले असते. वसंतातील ही दोन्ही दृश्ये एकाच गावच्या वेशीत आहेत. लेकुरवाळ्या आईने या ऋतूत कोणते कपडे घालावेत, हा प्रश्न रविवारच्या पुरवण्यांनी पहिल्या दृश्यापुरता उचलला. चळवळीने तो क्षुल्लक मानून सोडून दिला. दोन्हीकडे चूक झाली.

त्या सदऱ्याकडे नीट पाहिले पाहिजे. तो कोणी शिवून दिलेला नाही, कोणी सुचवलेला नाही. उसाचे पाते हात चिरते, त्याची कूस अंगाला खाजते, चैत्राचे ऊन मान भाजते. म्हणून बायकांनी स्वतःच्या अकलेने हा वेष शोधला. सदऱ्याला खिसा असतो हाही त्याचा मोठा गुण. साडीला खिसा नसल्यामुळे पैसे कनवटीला नाहीतर चोळीत ठेवावे लागतात. परंतु हा वेष अखेर उसना आहे. तो पुरुषाच्या मापाचा आहे, आणि मूल पाजायचे असेल तेव्हा एकावर एक दोन वस्त्रे सोडावी लागतात. श्रम करणाऱ्या आईसाठी कापड कापण्याचा विचार कोणी केलाच नाही, याची तो सदरा म्हणजे साक्ष आहे.

साडीची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. तिच्या पदराचे डोक्यावर चुंबळ होते, बाळावर सावली होते, जुनी झाली की तिचीच झोळी आणि दुपटी होतात. कासोट्याचे नऊवारी लुगडे तर रानातल्या आणि घरातल्या कष्टांतूनच घडले होते. पुढे गोल पातळ प्रतिष्ठेचे ठरले आणि वाकताना, चढताना पायांची जी मोकळीक होती ती गेली. आज एका हाताने मूल सांभाळत दुचाकीच्या मागे बसणाऱ्या आईचा पदर चाकात अडकण्याचा धोका असतो. म्हणून ती पंजाबी ड्रेस पत्करते, आणि घरात समोर बटणे असलेला गाऊन घालते, कारण त्यात मूल पाजणे सोपे जाते. दारात कोणी आले की त्यावर ओढणी किंवा टॉवेल घेते. यावर आळीतली वडीलधारी माणसे नाके मुरडतात. ज्यांना रात्री तीनदा उठून मूल पाजावे लागत नाही, त्यांनी या गाऊनचा न्यायनिवाडा करू नये.

यावर काही निष्ठावंत कार्यकर्ते विचारतील, भाकरीचा प्रश्न सुटलेला नसताना वेषभूषेची चर्चा कशाला? त्यांनी इतिहास आठवावा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य मानलेल्या समाजातील स्त्रियांना, जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसलेच दागिने टाकून देण्यास सांगितले. समतेच्या लढ्यात वस्त्राचा मुद्दा त्यांना गौण वाटला नाही. लंडनमध्ये १८८१ साली स्थापन झालेल्या रॅशनल ड्रेस सोसायटीनेही स्त्रीचे शरीर आवळणाऱ्या, हालचाल रोखणाऱ्या पोशाखाविरुद्ध आवाज उठवला होता. आणि काँग्रेस समाजवादी पक्षात अग्रभागी असलेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी स्वातंत्र्यानंतरचे आयुष्य हातमाग आणि हस्तकलांना वाहिले. सुंदर वस्तूवर श्रमिकाचाही हक्क आहे, ही जाण त्यामागे होती. कष्टकरी आईला इरकलीचा काठ किंवा खणाची चोळी आवडते, यात चैनबाजी नाही. स्वस्त म्हणून कुरूप, आणि सोयीचे म्हणून बेढब, हे समीकरण गरिबाच्या माथी मारलेले आहे. ते समाजवाद्याने मान्य करू नये.

मग चांगला वेष कोणता? या अवर्षणप्रवण पट्ट्यात पहाटे गारवा आणि दुपारी काहिली असते. तेव्हा कापड सुती, सैल विणीचे, फिक्या पण डाग सहज न दिसणाऱ्या रंगाचे असावे. चोळी पुढून उघडणारी आणि कोपरापर्यंत बाह्यांची असावी. कुर्त्याला खोल खिसा असावा. लांबी घोट्याच्या वर असावी. मुलाला टोचणाऱ्या टिकल्या आणि टाचण्या नसाव्यात. रोज धुऊन रोज वाळावे. गावातला कोणताही शिंपी हे शिवू शकतो, आणि यातले काहीही देखणेपणाच्या आड येत नाही.

अडचण निराळी आहे. ठरवणारे आणि नेसणारे एक नाहीत. राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाने अंत्योदय कुटुंबाला वर्षाकाठी एक साडी देण्याचे ठरवले. ती यंत्रमागावर विणलेली असते. यंत्रमागधारकाला काम मिळावे हा हेतू योग्यच आहे. पण कापड कोणते, रंग कोणता, साडीच हवी की शिवलेला कपडा, यात त्या कुटुंबातील बाईच्या पसंतीला जागा ठेवलेली नाही. दुसरीकडे बारामतीच्या टेक्स्टाईल पार्कमध्ये बहुसंख्य स्त्रियाच तयार कपडे शिवतात. जगाच्या अंगावरचे कपडे शिवणाऱ्या हातांना आईच्या कपड्याचे शास्त्र शिकवावे लागणार नाही, त्यांना फक्त विचारावे लागेल.

तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. कितीही सोयीचा वेष पाळणाघराची जागा घेऊ शकत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्री कामगार असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले होते. २०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेवर ते बंधन घातले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. पण मुकादमाच्या उचलीवर आलेली तोडणीवाली कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. म्हणून कायदा कारखान्याच्या फाटकापाशीच थांबतो आणि झोळी झाडालाच राहते.

तेव्हा दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तीन मागण्या हाती घ्याव्यात. रेशनच्या साडीत सुती कापडाची आणि निवडीची सोय हवी. तोडणीवाल्या स्त्रीला तिच्या मापाचा लांब बाह्यांचा सुती अंगरखा, हातमोजे आणि बूट कारखान्याच्या खर्चाने मिळावेत. आणि कोप्यांच्या प्रत्येक तळावर पाळणाघर हवे. मागणीपत्र लिहिण्याआधी मात्र फडावर जावे आणि खिसा कुठे हवा, हे त्या बायकांनाच विचारावे.