कोलार रोडवरून आळंदीकडे

भोपाळच्या कोलार रोडवरच्या वसाहतींत मराठी पाट्या अजून दिसतात, पण त्या दारांआडची मराठी आता बरीचशी स्वयंपाकघरात आणि देवघरात उरली आहे. शाळा, शिकवणी, नोकरी, मैत्री हे सारं हिंदीत चालतं. तिसऱ्या पिढीला आजीचं बोलणं समजतं, उत्तर मात्र हिंदीतून येतं. यात कुणाचा दोष नाही. पण ही भाषा मुलांच्या तोंडी राहावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी आषाढीच्या वारीचा विचार नव्याने करायला हवा. इथल्या तरुणांनी गट करून आळंदीला जावं आणि प्रस्थानापासून पंढरपुरापर्यंत पूर्ण वाट चालावी, तीही एखाद्या जुन्या दिंडीत, तिच्या शिस्तीखाली. एका टप्प्यापुरतं चालून परतण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

कारण वारी हे एक स्मरण आहे, आणि ते टिकवण्याची तिची रीत ठरलेली आहे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र पालखीत घालून पंढरीला नेण्याची प्रथा सुरू केली. पुढे 1832 च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा वेगळा केला. हे हैबतबाबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, पण चाकरीला होते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी. गावी परतताना सातपुड्यात ते वाटमारी करणाऱ्यांच्या हाती सापडले आणि अखंड हरिपाठ म्हणत राहिल्यावर सुटले, अशी आख्यायिका आहे. म्हणजे ज्या माणसाने आजच्या वारीला शिस्त लावली, तो आजच्या मध्य प्रदेशातूनच दक्षिणेकडे निघाला होता. भोपाळच्या मराठी मुलाला वारी परकी वाटावी असं तिच्या इतिहासात काहीच नाही.

हैबतबाबांनी लावलेली शिस्त हीच भाषेची खरी शाळा आहे. दिंडीत मध्ये विणेकरी, पुढे पताकाधारी, टाळकऱ्यांच्या रांगा, पखवाज आणि मागे तुळशी घेतलेल्या बाया. चालताना जे म्हटलं जातं त्याचाही क्रम ठरलेला: पहाटे काकडा, मग मंगलाचरण, रूपाचे अभंग, गौळणी, वाराचे अभंग, हरिपाठ. हातात पुस्तक धरून हे जमत नाही. शेजारच्या टाळकऱ्याच्या तोंडाकडे पाहत, त्याच्या श्वासाबरोबर ओळ उचलावी लागते. सोळा-सतरा दिवस रोज हेच केलं की शब्द पाठ होतात, आणि पाठ झालेल्या शब्दांना अर्थ हळूहळू येऊन मिळतो. मुक्कामावरची समाज आरतीही पाहण्यासारखी असते. चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच वाजत राहतात, आणि मग तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. गर्दीला ऐकायची सवय लावणारी अशी दुसरी व्यवस्था मला ठाऊक नाही. एका दिवसासाठी येणाऱ्याला दिवे घाट दिसतो आणि त्याचे फोटो मिळतात, यातलं मात्र काही मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. 2025 साली 19 जूनला आळंदीहून निघालेली पालखी 5 जुलैला पंढरपुरात पोचली. प्रवास धरला तर तीन आठवडे जातात. नव्याने नोकरीला लागलेल्याला एवढी रजा मिळणं कठीणच. पण बारावीनंतर किंवा पदवीनंतर दोन वर्गांच्या मधला एक जून बहुतेकांच्या वाट्याला येतो. आयुष्यात एकदाच जायचं तर तेव्हा जावं. दुसरं म्हणणं असं की दिंडी भोपाळातही काढता येते, मग एवढं लांब कशाला? भोपाळात जरूर काढावी. पण तिथे आपण आपल्याच ओळखीच्या माणसांत असतो. वारीत मराठवाड्याचा शेतकरी, साताऱ्याची आजी, सोलापूरचा विणकर यांच्याशी बोलल्याशिवाय राहुटीत जागाही मिळत नाही. नर्मदा जवळ आहे, तिची परिक्रमा करावी, असंही कुणी म्हणेल. ज्या कोलार नदीवरून या रस्त्याला नाव मिळालं ती नर्मदेलाच मिळते, त्यामुळे त्या वाटेचं मोल मी कमी लेखणार नाही. मात्र परिक्रमा मुख्यतः एकट्याची आणि मौनाची. भाषा जिवंत ठेवायला समूहाचा गळा लागतो.

सर्वांत गंभीर आक्षेप जातीचा आहे. इरावती कर्वे यांनी स्वतः वारी चालून लिहिलेल्या लेखात जातवार वेगळ्या पंगतींबद्दलचं दुःख नोंदवलं आहे. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं होतं. समतेचे अभंग गाणाऱ्या वाटेवरही भेद चालत आला, हे तरुणांपासून लपवू नये. उलट, कर्वे वाचूनच निघावं, आणि दिंडी निवडताना तिथे सर्वांची एक पंगत बसते का हे आधी विचारावं. त्याच लेखात त्यांनी महाराष्ट्राची एक व्याख्या केली: ज्या प्रदेशातले लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र. ही व्याख्या मला फार जवळची वाटते. कारण तिच्यात राज्याची सीमा येत नाही. ती मान्य केली तर कोलार रोड महाराष्ट्रात आहे की नाही, हे तिथले तरुण ठरवतील.

तयारी मात्र जूनमध्ये सुरू करून चालणार नाही. हरिपाठ आधी पाठ हवा. आठवड्यातून एकदा कुणाच्या घरी बसून म्हटला तरी काही महिन्यांत होतो. रोज आठ-दहा किलोमीटर चालण्याची सवय हवी, कारण पुणे ते सासवड या एकाच टप्प्यात तिसेक किलोमीटर चालावं लागतं, घाटासकट. दिंडीत जागाही आधीच मागावी लागते. त्यासाठी गटातल्या दोघा-तिघांनी कार्तिकात आळंदीला जाऊन यावं. 1296 मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतली त्या दिवसाचा तो सोहळा, आणि त्याची सुरुवात महाद्वारातल्या हैबतबाबांच्या पायरीच्या पूजनाने होते. दिंड्यांचे प्रमुख तेव्हा तिथेच असतात, आणि भोपाळहून पुण्याला थेट गाडी आहे.