खेळाचीही मात्रा हवी

भूक नाही, झोप नाही, चिडचिड फार, अशा तक्रारी घेऊन पालक मुलांना चिकित्सालयात आणतात. आपण दीपन-पाचन कल्प देतो, मोबाईल कमी करण्यास सांगतो. त्याच्या जागी काय, हे मात्र सांगत नाही. रिकामी जागा राहिली की पथ्य मोडते. म्हणून घरातील सर्वांनी मिळून खेळावयाचा खेळ हा व्यवस्थापत्राचाच भाग असावा, असे आमचे मत आहे.

खेळाची निवडही वय, बल व काल पाहूनच करावी. खेळणी हलकी व मनोरम असावीत. टोकदार, भीतिदायक किंवा तोंडात जाणारी नसावीत, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. घरात तान्हे वा रांगते मूल असेल तर सागरगोटे, चिंचोके व कवड्या त्याच्या हाती लागू देऊ नयेत; तेथे लपंडाव बरा. आजीचे गुडघे दुखत असतील, तर बाळ निजल्यावर चल्लस आठचा पट मांडावा. स्थूल, कफप्रधान मुलासाठी लंगडी वा लगोरी निवडावी. तीही जेवणापूर्वी आणि अर्धशक्तीपर्यंतच, म्हणजे कपाळी घाम येऊन तोंडाने श्वास सुरू होईतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 5 ते 17 वर्षे वयोगटासाठी दररोज सरासरी 60 मिनिटांच्या शारीरिक हालचालीची शिफारस केली. ती पूर्ण करण्याचा याहून स्वस्त मार्ग आम्हांस दिसत नाही.

औषधालयचालकांनीही भूक वाढविणारी बाटली देताना 'संध्याकाळी मुलाबरोबर घरी कोण खेळते?' एवढे विचारावे. कदाचित एखादी बाटली कमी खपेल. परंतु ते कुटुंब सल्ल्यासाठी पुन्हा आपल्याकडेच येईल.