आकाशातला डोळा आणि माझा हजेरीपट

मंडळी, मागच्या आठवड्यात नातीने लॅपटॉपवर मला आपला शहापूर तालुका आकाशातून दाखवला. उपग्रहाने टिपलेला. भातसा निळंशार, तानसा निळंशार, पलीकडे मुरबाडच्या अंगाला माळशेजचे डोंगर हिरवेगार. "आजोबा, किती सुंदर ना!" ती म्हणाली. होतंच सुंदर. पण त्या निळ्या रंगाशेजारी मला टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या हंड्यांच्या रांगा आठवल्या. त्या काही चित्रात नव्हत्या.

तानसा धरण १८९२ सालचं. तेव्हापासून इथलं पाणी मुंबईला जातंय. आज मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. पाऊसही आमच्याकडे धो धो पडतो. तरी एप्रिल-मे आला की पाड्यांवर टँकर. पाहुण्यांना हे कोडं सुटत नाही. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि जमिनीला उतार. पडलेलं पाणी थांबतच नाही. मुरतं ते कातळाच्या भेगांत, तेही थोडंच.

त्या भेगा शोधायला आता उपग्रहाची मदत घेतात. जमिनीखालचं पाणी त्याला दिसत नाही. पण खडकातल्या लांब रेषा, उतार, भर उन्हाळ्यात टिकलेली हिरवळ, यावरून अभ्यासक अंदाज बांधतात. हे वाचून मला गंमत वाटली. उंबर दिसला की खाली पाणी, असं आमची जुनी माणसं सांगत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर झाडांवरून आणि वारुळांवरून पाणी ओळखण्याचं अख्खं प्रकरण आहे. युक्ती जुनीच, बघणारा डोळा तेवढा सातशे-आठशे किलोमीटर वर गेला!

ही चित्रं पूर्वी विकत घ्यावी लागत. २००८ साली अमेरिकेने लँडसॅटची चित्रं फुकट देण्याचं ठरवलं, २००९ मध्ये आपल्या इस्रोचं 'भुवन' आलं. आता एकाचं चित्र, दुसऱ्याची पद्धत, तिसऱ्याचे आकडे, असं विद्यापीठातली मंडळी ज्ञान वाटून घेतात. पवईच्या आयआयटीत १९८५ पासून 'सितारा' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तिथल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी आपल्या ठाणे-रायगड भागातल्या पाण्याचा अभ्यास केला, आणि बरेच अहवाल सर्वांना वाचायला खुले ठेवले. याचं मला मनापासून कौतुक आहे. माझी तक्रार एवढीच, की ज्ञानाच्या या पंगतीत ज्याच्या विहिरीवर अभ्यास झाला त्या गावाचं पान क्वचितच मांडलं जातं.

एक प्रसंग सांगतो. मी निवृत्त झाल्यावर एका कॉलेजची मुलं मुरबाडकडच्या एका पाड्यावर आली होती. वाट दाखवायला मी बरोबर. मुलं गुणी, उन्हातान्हात हिंडणारी. त्यांच्या नकाशावर एक बंधारा निळा दिसत होता. तिथे उभ्या असलेल्या आजीबाई मला म्हणाल्या, "गुरुजी, ह्यात शिमग्यापोत पानी ऱ्हातं. मंग खडकच." चित्र होतं नोव्हेंबरचं. पावसाळ्यात ढगांमुळे साधा कॅमेरा आंधळा, म्हणून दिवाळीच्या सुमाराचं स्वच्छ चित्र घेतलेलं! एका मुलीने आजीबाईंचं बोलणं वहीत टिपून घेतलं. पुढे अहवाल झाला असेल. पाड्यावर मात्र तो कधी आला नाही.

आणखी एक. फुकट मिळणाऱ्या चांगल्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. आमच्या पाड्यावरची विहीर त्याहून लहान. म्हणजे जिच्यावर सगळा पाडा जगतो, ती एका ठिपक्यातही मावून हरवते.

पण दोष काय फक्त त्यांचाच? खरं सांगू? माझ्याकडेही एक नोंदवही होती. शाळेचा हजेरीपट. वर्षानुवर्षं मी पाहत आलो, होळी झाली की मुलींच्या नावापुढे गैरहजेरी वाढायची. पाणी भरायला जायच्या त्या. कुठल्या पाड्याच्या मुली कुठल्या आठवड्यापासून येईनाशा होतात, यावरून कुठली विहीर कधी आटली हे मी घरबसल्या सांगू शकलो असतो. ते मी कुणाला सांगितलं नाही. महिनाअखेरीस बेरीज जुळवली आणि सही केली, बस. त्यातल्या कितीतरी मुलींची शाळा तिथेच सुटली. ती टोचणी अजून आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. अभ्यास इंग्रजीत जरूर करा, जगभर वाटा. पण दोन पानं सोप्या मराठीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवा. नकाशाची एक मोठी प्रत शाळेच्या भिंतीवर लावा, आणि प्रत्येक विहिरीपुढे ती कोणत्या महिन्यात आटते हे गावच्या बायकांना विचारून पोरांकडून लिहून घ्या. दरवर्षी. मग वरून दिसणारं आणि खालून कळणारं एकाच कागदावर येईल. टँकर कुठे आणि कधी लागणार, हे मे महिन्याची वाट न पाहता कळेल.

असो. नातीला मी आमच्या पाड्यांवरच्या विहिरींची यादी करायला बसवलंय. ती नकाशावर खुणा करतेय, मी महिने सांगतोय. तुमच्यापैकी कुणाचं गाव इकडे असेल तर घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, आणि मला जरूर कळवा.